घराण्यातले लष्करी अधिकारी : त्यांच्या नोकरीचे कागद कुठं शोधायचे?

रंकाळा_पूर्व (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. घराण्याची वंशावळ पुरी करायला घेतली आहे. नावांचं काम हेळव्याने (वंशावळी सांगणाऱ्याने) सोपं केलं, त्याच्या चोपडीत सात पिढ्या निघाल्या. गाडं अडलंय ते लष्करातल्या तिघांपाशी. घरात तिघांनाही 'ऑफिसर' म्हणतात, त्यापलीकडे कुणालाच धड काही सांगता येत नाही.

१) आईचे आजोबा. गाव शिरोळ तालुक्यात. गावात 'कॅप्टनसाहेब' म्हणून प्रसिद्ध. मराठा पलटणीत होते, दुसरं महायुद्ध केलं, पुढं काश्मिरातही होते म्हणे. १९५० नंतर पेन्शनीत आले. पदकांचा डबा आणि एक फोटो मामाकडे आहे.

२) वडिलांचे चुलत आजोबा. कोल्हापूर दरबारच्या राजाराम रायफल्समध्ये लेफ्टनंट. संस्थान विलीन झाल्यावर त्यांचं काय झालं, पत्ता नाही.

३) खापरपणजोबांचे धाकटे भाऊ. पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत'. जमादार होते असं आजी सांगायची.

दिल्लीला लिहायचं, बेळगावला जायचं की लंडनला मेल टाकायचा? कुणी या वाटेनं गेलं असेल तर सांगा.

कागलचा_भावा

तीन ऑफिसर? नाद खुळा की भावा! लंडनला टाक मेल. इंग्रज जाताना सगळं दप्तर घिऊन गेलंय. आमच्या आज्ज्याचंबी तिकडंच असंल.

निवृत्त_रेकॉर्डवाला

कागलकर, दमानं घ्या. आधी एक गोष्ट पक्की करू, मग पोस्टाचा खर्च.

'ऑफिसर' हा शब्द आपल्या भागात जमादारापासून जनरलपर्यंत सगळ्यांना चालतो. कागद मात्र कमिशन, म्हणजे अधिकारपदाची नेमणूक, कसलं होतं त्यावरून ठेवलेले असतात. मी लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसात क्लार्क म्हणून नोकरी पुरी केली. भलत्याच दारात येऊन पडलेले अर्ज भरपूर बघितलेत, आणि त्या माणसांना 'रेकॉर्ड उपलब्ध नाही' असं उत्तर गेलेलंही बघितलंय. रेकॉर्ड असतं, पण दुसऱ्या गावात.

इंग्रजांच्या काळी दोन वाटा होत्या. एक राजाच्या कमिशनची. आधी सँडहर्स्टहून आलेले हिंदी अधिकारी, मग १९३२ साली डेहराडूनची अकादमी निघाल्यावर तिथून बाहेर पडलेले. हे लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर. दुसरी व्हाइसरॉयच्या कमिशनची : जमादार, सुभेदार, सुभेदार मेजर आणि रिसाल्यात रिसालदार. हे बहुतेक शिपाई म्हणून भरती होऊन वर चढलेले. स्वातंत्र्यानंतर यांनाच जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) म्हणू लागले आणि १९६५ साली जमादाराचा नायब सुभेदार झाला. याखेरीज लढाईच्या घाईत दिलेलं इमर्जन्सी कमिशन वेगळं, संस्थानी फौजेतलं वेगळं आणि आपल्या गावोगावचे ऑनररी, म्हणजे मानद, कॅप्टन आणखी वेगळे.

पहिल्या वाटेचा माणूस स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्यात राहिला असेल तर त्याची फाईल दिल्लीला, ॲडज्युटंट जनरलच्या शाखेतल्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या विभागाकडे. रामकृष्णपुरमच्या वेस्ट ब्लॉकमध्ये एमपी-५ आणि ६ म्हणून विचारायचं. दुसऱ्या वाटेच्या माणसाचं सगळं त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात. मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. लंडनला गेलेत ते मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांचे कागद. तुमच्या-आमच्या सुभेदाराचं शीट रोल, म्हणजे नोकरीच्या नोंदीचे कागद, तिकडं कुणी नेलं नाही.

तुमचे कॅप्टनसाहेब मला ऑनररी वाटतात. पदकांवर काय कोरलंय ते वाचून इथं लिहा.

रंकाळा_पूर्व

सर, पदकांवर राजाचा मुखवटा आहे आणि इंग्रजी अक्षरं आहेत. नाव कुठं दिसत नाही.

टेंबलाईवाडीकर

नाव तोंडावर नसतं हो. गोल पदक उभं धरा आणि कडेची जाडी बघा. मोबाईलची बॅटरी समोरून नको, बाजूनं मारा, म्हणजे अक्षरांच्या खाचेत सावली पडते. नंबर, हुद्दा, नाव, पलटण अशी बारीक ओळ कडेवरून फिरत जाते. तारे असतील, म्हणजे सहा टोकांचे पितळी, तर त्यांच्या पाठीवर बघायचं. ब्रिटिश सैनिकांना दुसऱ्या महायुद्धाची ही पदकं कोरी दिली, हिंदी फौजेला मात्र नाव घालून. इंग्रजांनी केलेलं एवढं एक काम आज आपल्या कामी येतं.

आणि हात जोडून सांगतो, चिंच, राख, ब्रासो यातलं काहीही लावू नका. दर दसऱ्याला शस्त्रांबरोबर घासून घासून कडा गुळगुळीत झालेली पदकं माझ्याकडं आली आहेत. राजाचं नाक गेलं तर गेलं, नंबर गेला की माणूस गेला. आधीच काळी पडली असतील तर सुती कापडानं नुसती पुसा. पांढऱ्या कागदावर ठेवून कडेचे पाव-पाव फिरवून फोटो काढा, वाचायचं काम निवांत करता येतं.

रंकाळा_पूर्व

जमलं! मामानं व्हिडिओ कॉलवर बॅटरी धरली. तीन तारे आहेत : १९३९-४५, आफ्रिका, इटली. त्यांच्या पाठीवरचा हुद्दा 'हवालदार' दिसतोय. गोल पदकांपैकी एकाच्या पट्टीवर 'जम्मू अँड काश्मीर' लिहिलंय, त्याच्या कडेवर 'जेसी' आणि पुढं आकडे, मग 'सुभेदार', मग आडनाव, मग 'मराठा एल आय'. पण फोटोत खांद्यावर तीन तारे स्पष्ट आहेत, म्हणजे कॅप्टनच ना?

निवृत्त_रेकॉर्डवाला

झालं की काम. 'जेसी' म्हणजे जेसीओचा नंबर. रेग्युलर अधिकाऱ्याला 'आयसी' असतं, शॉर्ट सर्व्हिसला 'एसएस', दुसऱ्या महायुद्धातल्या हिंदी इमर्जन्सी कमिशनवाल्याला 'आयईसी', १९६२ नंतरच्या इमर्जन्सीवाल्याला 'ईसी'. नुसती ही दोन-तीन अक्षरं बघून अर्ज कुठल्या गावाला टाकायचा ते कळतं.

काश्मीरच्या वेळी सुभेदार, आणि पेन्शनीत येताना किंवा आल्यावर ऑनररी कॅप्टन. चांगली नोकरी केलेल्या जेसीओला प्रजासत्ताकदिनी नाहीतर स्वातंत्र्यदिनी हा मान जाहीर होतो आणि भारताच्या राजपत्रात छापून येतो. तीन ताऱ्यांचा फोटो त्यानंतर काढलेला. याच्या उलट सांगून ठेवतो, खांद्यावर एकच तारा दिसला म्हणून सेकंड लेफ्टनंट समजू नका. जमादाराच्या खांद्यावरही एकच असायचा.

हवालदाराचा ऑनररी कॅप्टन झालेला माणूस म्हणजे हाडाचा सैनिक. ऑनररी आहे म्हणून घरात कुणी तोंड वाकडं केलं तर त्यांना माझ्याकडं पाठवा.

आता बेळगावला अर्ज. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, गाव-तालुका-जिल्हा आणि अंदाजे पेन्शनीत आल्याचं साल. गावाचा उल्लेख तेव्हाच्या पद्धतीनं करा, म्हणजे 'कोल्हापूर संस्थान'. सोबत वारस असल्याचा पुरावा. पणजीला फॅमिली पेन्शन होती का? असेल तर तिच्या पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) झेरॉक्स सोन्यासारखी. पीपीओवर मूळ नंबर, हुद्दा, नोकरीची मुदत असं बरंच असतं, आणि बँकेच्या पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरात तो हटकून सापडतो.

आणखी एक. पेन्शन न मिळालेल्या माणसाचे कागद लष्कराच्या नियमाप्रमाणे २५ वर्षांनी नष्ट करतात, रेग्युलेशनचा ५९५ वा पॅरा. पेन्शनरचे कागद जास्त टिकतात. पण दोघांचीही एक ओळ लाँग रोलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या नोंदीच्या कायमच्या रजिस्टरात, राहते. म्हणून अर्जात 'सर्व्हिस रेकॉर्ड द्या' एवढंच लिहून थांबू नका. 'शीट रोल नष्ट झाले असल्यास लाँग रोलमधील नोंदीचा उतारा द्यावा' हे वाक्य घाला. हे वाक्य नसेल तर क्लार्क नष्ट झाल्याचा शिक्का मारून मोकळा होतो. मी स्वतः त्या खुर्चीवर बसलोय, मला माहीत आहे.

करवीर_वकील

साध्या अर्जाला उत्तर येईल याची हमी कोण देणार? माझ्या मते पहिल्या दिवसापासून माहिती अधिकार. १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत, अपिलाची सोय. साधा अर्ज टेबलाखाली गेला तर तुम्ही कुणाच्या नावानं शंख करणार?

निवृत्त_रेकॉर्डवाला

वकीलसाहेब, माहिती अधिकारात अर्ज आला की तो नात्याचा राहत नाही, कायद्याचा होतो. मग त्या कायद्याचं कलम ८(१)(जे) दाखवून 'त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती' म्हणून नकार टाइप करणं सगळ्यात सोपं. तेच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या शिफारशीनं वारसाचा अर्ज गेला तर तो कल्याणाचा विषय होतो आणि माणूस उठून रजिस्टर काढतो.

करवीर_वकील

त्यालाही उत्तर आहे. ८(३) वाचा. २० वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती काही ठरावीक अपवाद सोडले तर द्यावी लागते आणि वैयक्तिक माहितीचं कलम त्या अपवादांत नाही. १९५० सालच्या माणसाबद्दल खासगीपणाची सबब अपिलात अवघड आहे. अर्थात कागद जिवंत असेल तरच. जळालेल्या कागदाला कुठलं कलम लावणार!

तोडगा म्हणून : आधी तुमचा सैनिक कार्यालयाचा अर्ज, दोन-अडीच महिने वाट, मग माहिती अधिकार, आणि त्यातही एकच नेमका प्रश्न. 'अमुक नंबरची नोंद लाँग रोलमध्ये आहे काय, असल्यास प्रत द्यावी.' लोक आजोबांच्या पराक्रमाची कहाणी मागतात आणि मग रागावतात.

निवृत्त_रेकॉर्डवाला

हे मान्य.

कागलचा_भावा

दोघंबी एकदम जगात भारी. मी लंडनचा मेल ड्राफ्टातनं काढून टाकलाय.

मोडीवाचक

दुसऱ्या क्रमांकाबद्दल मी लिहितो, कारण बाकीच्यांपेक्षा हे काम घराजवळचं आहे.

राजाराम रायफल्स ही दरबारची फौज. तिच्या अधिकाऱ्यांना कमिशन छत्रपतींचं, पगार संस्थानच्या खजिन्यातून. त्यामुळे १ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन होईपर्यंतचे कागद दिल्लीला किंवा बेळगावला मागून उपयोग नाही. संस्थानचं दप्तर राज्य शासनाच्या पुराभिलेख खात्याकडे आलं आणि त्या खात्याची शाखा इथं कोल्हापुरातच आहे. ओळखपत्र न्या, संशोधनाचा हेतू लिहून अर्ज द्या आणि तिथल्या माणसांशी गोड बोला. कुठल्या रुमालात (कागदांच्या गाठोड्यात) काय आहे ते छापील यादीपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

काय मागायचं? सगळ्यात आधी करवीर सरकारचं गॅझेट. दरबारचे हुकूम त्यात छापून येत, नेमणूक आणि बढती तिथं सापडायची शक्यता चांगली. वर्षवार बांधलेलं असतं, त्यामुळे लेफ्टनंट झाल्याचं साल अंदाजे माहीत असेल तर काम पटकन होतं. संस्थानचे वार्षिक प्रशासन अहवाल इंग्रजीत छापलेले आहेत. त्यात फौजेची संख्या नि खर्च मिळतो, माणसांची नावं क्वचित. पगाराचे आणि हजेरीचे कागद मिळाले तर जुने मोडीत असतील. मोडी येत नसेल तर घाबरू नका, कोल्हापुरात वाचून देणारे बरेच आहेत. मीही देतो, पण फोटो सरळ काढा. वाकडा, अर्धा अंगठ्याखाली गेलेला फोटो पाठवून 'जरा बघा ना' म्हणणाऱ्यांना मी उत्तर देणं सोडलंय.

करवीर नगर वाचन मंदिर विसरू नका. १८५० सालची संस्था, जुन्या नियतकालिकांत दरबारी समारंभ आणि संचलनांच्या बातम्या असतात. विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयातही चौकशी करा.

विलीनीकरणानंतर राजाराम रायफल्स मराठा लाईट इन्फंट्रीत गेली, ती १९ मराठा. बडोद्याची २० झाली आणि हैदराबादची २२. म्हणून एकोणीसला आजही कंसात 'कोल्हापूर' लावतात. संस्थानी अधिकाऱ्यांना मात्र सरसकट घेतलं नाही, निवड झाली. ज्यांना भारतीय सैन्याचं कमिशन मिळालं त्यांची फाईल तिथून पुढं दिल्लीच्या वाटेला लागते. बाकीचे निवृत्त झाले, नाहीतर दुसऱ्या खात्यात गेले. तुमचे आजोबा कुठल्या गटातले ते भारताच्या राजपत्रातून कळेल. संरक्षण मंत्रालयाच्या नेमणुका नि बढत्या भाग १, विभाग ४ मध्ये येतात. १९४९ पासून पुढची तीन-चार वर्षं चाळा.

रंकाळा_पूर्व

मोडीवाचक, पुढच्या आठवड्यात रजा टाकतोय. १९३८ च्या आसपास लेफ्टनंट झाले असावेत, कारण लग्नाच्या फोटोत गणवेश आहे आणि लग्न १९३९ चं.

मोडीवाचक

मग १९३६ ते ३९ चं गॅझेट आधी मागा. लग्नाच्या फोटोची प्रत घेऊन जा. टोपीवरचा बिल्ला बघून एखादा जुना माणूस काहीतरी सांगून जातो.

इतिहासवेडी_गडहिंग्लज

बसऱ्याच्या जमादारांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. हा माझा आवडता आणि सगळ्यात त्रासदायक विषय.

'बसऱ्याला गेले' असं आपल्याकडे सगळ्यांबद्दलच म्हणतात, कारण मेसोपोटेमियाला (आजच्या इराकला) जाणारी बोट बसऱ्याला लागायची. माणूस मेला असेल पार बगदादच्या पलीकडे. म्हणून पलटण आधी शोधा. त्या वेळी मराठ्यांच्या पलटणी आकड्यांनी ओळखत : १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. यांची एक रेजिमेंट झाली ती १९२२ साली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या आणि डिसेंबर १९१५ पासून तिथल्या कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. आत उपासमार, घोडी-खेचरं कापून खाण्याची वेळ. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. साध्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेऊन रेल्वेच्या कामाला लावलं. त्यातले किती परतले याचा विचार करवत नाही. ११४ मात्र वेढ्यात नव्हती, ती १९१८ च्या शरकातच्या लढाईत गाजली. त्यामुळे मृत्यूचं साल १९१६ की १९१८ एवढं जरी कळलं तरी अर्धा गुंता सुटतो.

शोधायचं कुठं? कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची साइट. फुकट आहे. आडनाव, 'इंडियन आर्मी', पहिलं महायुद्ध एवढं टाका. बसरा स्मारकावर ४० हजारांवर माणसांची नोंद आहे, आणि इथं तुमच्या आजीचा 'जमादार' हा शब्द फार मोलाचा. त्या भिंतीवर गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. हिंदी शिपायांचा पलटणवार नुसता आकडा कोरला. हजारो माणसं, आणि भिंतीवर संख्या! जमादार हिंदी अधिकाऱ्यात मोडतो, म्हणून त्यांचं नाव दगडावर असायला हवं. शिपायांची नावं नोंदवहीत होती, ती आता साइटवर येत गेली आहेत. ते स्मारकही मूळ जागी नाही, १९९७ साली सद्दामनं ते उचलून नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेऊन बसवलं.

कैदेत गेले असतील तर जिनिव्हाच्या रेड क्रॉसनं पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं आणि याद्या इंटरनेटवर मोफत ठेवल्या आहेत. शोध यंत्र म्हणून तिथं काही फारसं नाही, पानं उलटावी लागतात. पंजाबवाल्यांचं नशीब बघा, लाहोरच्या संग्रहालयात गावनिहाय रजिस्टरं सापडली, ३ लाख २० हजार माणसांची, आणि २०२१ मध्ये ती लोकांसमोर आली. आपल्या मुलखाचं तसं रजिस्टर असतं तर हा धागाच निघाला नसता.

रंकाळा_पूर्व

ताई, साइटवर त्याच आडनावाचे दोन जमादार मिळाले, दोघंही १९१६. एक ११० मधला, एक ११७ मधला. आता?

इतिहासवेडी_गडहिंग्लज

आता इंडियन आर्मी लिस्ट. दर काही महिन्यांनी छापला जाणारा जाडजूड सरकारी ग्रंथ. त्यात प्रत्येक पलटणीखाली गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मागोमाग सुभेदार-जमादारांची नावं असतात, आणि पुढं आधीच्या नि सध्याच्या हुद्द्याच्या तारखा. इंटरनेट आर्काइव्हवर बरेच खंड आहेत, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवरही. १९१४ चा आणि १९१६ चा खंड शेजारी-शेजारी उघडा. एक जमादार १९१० च्या आधी झालेला निघाला आणि तुमचे गेले तेव्हा पंचविशीतले होते, तर तो तुमचा नव्हे. एवढ्या लवकर शिपायाचा जमादार होत नसे.

वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर त्या नावावर टिचकी मारून 'अतिरिक्त माहिती' बघितलीत का? कधीकधी बापाचं नाव आणि गाव असतं. स्पेलिंग मात्र मोकळ्या मनानं वाचा. 'पवार'चं 'पोवार' तर आपल्याकडे रोजचं, पण मी 'घाटगे' पाच तऱ्हांनी लिहिलेलं बघितलंय. पलटणीचं नावही तेव्हा 'मराठा' आजच्यासारखं लिहीत नसत, मधे एच आणि दोन टी घालून शोधा.

टेंबलाईवाडीकर

नावावरून : जनरल थोरात आपल्याच वडगावचे, पूर्ण नाव शंकरराव पांडुरंग पाटील-थोरात. इंग्रजी कागदांत एस. पी. पी. थोरात. घराण्यात 'पाटील' लावणारे असतील तर भरतीच्या वेळी मूळ आडनाव सांगितलंय की पाटीलकी, दोन्ही शोधा.

त्यांच्यावरून दुसरी गोष्ट. कोल्हापूरचा माणूस म्हणजे मराठा पलटणच, हे डोक्यातून काढा. थोरात सँडहर्स्टचे, १९२६ चे, आणि १९४५ साली ब्रह्मदेशात कांगावला त्यांनी लढवली ती २/२ पंजाब, म्हणजे दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी बटालियन. त्याबद्दल डीएसओ हे मानचिन्ह मिळालं. अशा मानचिन्हांच्या मूळ शिफारसी लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ ३७३ या क्रमांकाच्या मालिकेत आहेत, हिंदी फौजेच्याही. म्हणजे कागलकर, लंडन अगदीच वाया नाही. घरात एमसी, आयडीएसएम असलं काही शौर्यपदक असेल तर तिथं जरूर बघा, कारण शिफारसीत त्या दिवशी माणसानं नेमकं काय केलं ते लिहिलेलं असतं.

पलटणींच्या युद्ध-डायऱ्याही तिथंच : इटलीच्या डब्ल्यूओ १७० मध्ये, आफ्रिका-मध्यपूर्वेच्या १६९ मध्ये, ब्रह्मदेशाच्या १७२ मध्ये. रंकाळावाले, तुमच्या हवालदारसाहेबांच्या आफ्रिका आणि इटली ताऱ्यांवरून बटालियनचा अंदाज बांधता येतो. १/५ मराठा आठव्या डिव्हिजनबरोबर इटलीत होती, ३/५ दहाव्या डिव्हिजनबरोबर. ३/५ त्याआधी १९४१ साली इरिट्रियात केरेनला लढली, आणि त्या लढाईलाही आफ्रिका ताराच. पण बेळगावचं उत्तर येईपर्यंत यातलं काही पक्कं धरू नका.

जयसिंगपूरची_नात

आमच्याकडं दोन प्रश्न. पणजोबा १११ महार पलटणीत होते, पुढं 'पलटण मोडली' एवढंच माहीत. आणि आत्याआजी लष्करात नर्स होती, तिला 'लेफ्टनंट' म्हणत. बाईमाणूस कशी ऑफिसर, म्हणून घरातले हसतात.

निवृत्त_रेकॉर्डवाला

हसू द्या, त्या खऱ्याच ऑफिसर. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या सिस्टरना १९४३ च्या अध्यादेशापासून कमिशन आहे. त्यांची चौकशी बेळगावला नाही, दिल्लीला.

१११ महार १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. पुढं १९४१ साली बेळगावात पहिली महार बटालियन उभारली, ती आजची रेजिमेंट. दोन्हींमधे २० वर्षांची फट आहे, त्यामुळे जुन्या पलटणीचे माणसागणिक कागद सागरला मिळतील अशी आशा धरू नका. इंडियन आर्मी लिस्ट १९१८ ते २१ बघा, तेही जमादार किंवा वर असतील तरच. पदक असेल तर कड वाचा.

आजऱ्याचा_पाऊस

आमचे आजोबा मलायात होते, सिंगापूर पडल्यावर आझाद हिंद सेनेत गेले. घरी परत आले १९४६ ला, पेन्शन नाही, पदक नाही. लष्कराकडून आजवर 'माहिती नाही' इतकंच.

इतिहासवेडी_गडहिंग्लज

परतलेल्यांची इंग्रजांनी पांढरे, करडे आणि काळे अशी वर्गवारी केली होती. पांढरे परत कामावर, करडे सेवामुक्त, काळे बडतर्फ. पेन्शन नाही याचा अर्थ तिथं लागतो. तुम्ही लष्कराचं दार सोडा. आझाद हिंद सेनेचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, 'अभिलेख पटल' या त्यांच्या पोर्टलवरून सूची बघता येते. आजोबांनी किंवा आजीनं स्वातंत्र्यसैनिक पेन्शनचा अर्ज केला असेल, १९७२ च्या योजनेत बऱ्याच जणांनी केला, तर ती फाईल जिल्हाधिकारी कार्यालयात शोधा. तुरुंगवासाचा पुरावा, साथीदारांची प्रतिज्ञापत्रं, असलं घसघशीत त्यात मिळतं. लष्करी कागदाहून जास्त.

कागलचा_भावा

सावध करायला सांगतो. एका वेबसाइटवाल्यानं आमच्या मेव्हण्याकडनं 'संपूर्ण लष्करी रेकॉर्ड' म्हणून पैसं घेतलं. आलं काय, तर वर ताई म्हणत्यात त्या आर्मी लिस्टच्या एका पानाची प्रिंट. तीबी फुकटातली, आणि माणूस दुसराच!

करवीर_वकील

पैसे घेऊन शोधणारे चांगले अभ्यासकही आहेत, पण त्यांची एक खूण : ते आधी तुमच्याकडं नंबर आणि पलटण मागतात. नुसत्या नावावर 'संपूर्ण रेकॉर्ड' देतो म्हणणाऱ्याकडं फिरकू नका.

रंकाळा_पूर्व

सगळ्यांचे आभार मानतो, पण धागा बंद करत नाही. शेवटचा प्रश्न, बेळगावचा अर्ज कुणाच्या सहीनं करू? माझ्या, आईच्या की मामाच्या? पणजीच्या पीपीओची झेरॉक्स मामीला मिळाली, पासबुकाच्या कव्हरातच होती.

निवृत्त_रेकॉर्डवाला

मामाच्या. पीपीओवरचं आडनाव आणि अर्जावरचं आडनाव एक दिसलं की निम्म्या शंका मिटतात. आई अर्ज करणार असेल तर लग्नाआधीच्या नावासाठी शाळेचा दाखला जोडावा लागेल, मग नाव बदलल्याचा पुरावा, आणि पत्रव्यवहार लांबतो. मामाचं आधार, मामाच्या वडिलांचा मृत्यूचा दाखला, तलाठ्याकडची वारस नोंद आणि पीपीओ एवढं लावा. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करणार असाल तर त्यात मामा, त्यांचे वडील आणि कॅप्टनसाहेब एवढीच पिढी लिहा. हेळव्याच्या सातही पिढ्या लिहून पाठवू नका, वाचणारा पहिल्या पानावरच फाईल बाजूला ठेवतो. स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा, वकीलसाहेबांच्या अपिलाला तीच लागेल.